आधी घेणारा ठरवा, डबे नंतर

फरसाण-मसाल्याचं छोटं युनिट, कामाला दहा-बारा माणसं. कचरा वेगळा करायला तीन रंगांचे डबे आणले, भिंतीवर तक्ते लावले आणि महिन्याभरात सगळा कचरा पुन्हा एकाच डब्यात! मग वेगळं करायची सवय लागावी कशी, हा तुमचा प्रश्न वाचून नवल वाटलं नाही. मीही याच धंद्यात आहे, पुण्यात. माझं स्पष्ट मत असं की माणसं बेफिकीर असतात म्हणून हे होत नाही. वेगळं केलेलं पुढे कुठे जातं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून होतं. संध्याकाळी तिन्ही डबे एकाच घंटागाडीत रिकामे होताना दिसले की दुसऱ्या दिवसापासून कोण कशाला वेगळं करेल?

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. तुमच्या भागातल्या भंगारवाल्याला आणि कचरा नेणाऱ्या ताईंना बोलावून चहा पाजा आणि विचारा, काय घेता, कशा अवस्थेत घेता. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःचीच सहकारी संस्था आहे. त्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. कोणत्या मालाला गिऱ्हाईक आहे हे या बायकांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. ते जे घेतील तेवढेच ढीग करा, एकही जास्त नाही.

फरसाणवाल्याकडे साधारण हे निघतं. पुठ्ठा कोरडा असेल तर लगेच जातो. ओला झाला की भाव पडतो, त्यामुळे पावसाळ्यात तो जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर रचा. तेलकट पुठ्ठा मात्र त्यात घालू नका. कागद गिरणीत पाण्यात भिजवून लगदा करतात, तेल त्यातून सुटत नाही आणि एका तेलकट खोक्यापायी चांगला गठ्ठा नाकारला जाऊ शकतो. बेसनाच्या, मिरचीच्या गोण्या न फाडता शिवणीचा दोरा ओढून उघडायला शिकवा. अखंड गोणी परत वापरात जाते, फाटलेली भंगारात. तेलाचे पत्र्याचे डबेही तसेच, चेपू नका.

चकचकीत पाऊचचा रोल ही खरी डोकेदुखी. प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. गेलाच तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. त्यासाठी वेगळा डबा ठेवून काही साधत नाही, मुळात वाया जाणारा रोल कमी करा. मशीन सुरू करताना सीलिंगचं तापमान आधी येऊ द्या आणि मगच रोल सोडा. पापडासारख्या मालाला एकाच जातीच्या प्लास्टिकची साधी पारदर्शक पिशवी चालते. शेव-चिवड्याला ती लावाल तर माल लवकर खवट होईल, तो मोह नको.

तळणीच्या उरलेल्या तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतोच. एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेलेलं तेल १ जुलै २०१८ पासून खाण्यासाठी वापरता येत नाही. ते कमी भावात खाण्याच्या गाडीवाल्याला देणं म्हणजे सरळ लोकांच्या पोटात विष घालणं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या 'रुको' या वापरलेलं तेल गोळा करायच्या उपक्रमात नोंद असलेले संकलक ते बायोडिझेलसाठी विकत घेतात. रोज ५० लिटरच्या वर तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावीच लागते.

आता सवयीचं. माणूस पिशवी जिथे कापतो, तिथेच ती टाकतो. कोपऱ्यातला सुंदर डबा कुणी वापरत नाही. कापायच्या टेबलाला हुक मारून रिकामी गोणी अडकवा. तक्त्यांवर अक्षरं नकोत, खरी पिशवी, खरा पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. कामाला बायका असतील तर सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत लावा, म्हणजे वेचणाऱ्या ताईला ते उघडून पाहावं लागत नाही. ही गोष्ट मालकाने नव्हे, एखाद्या जाणत्या मावशींनी सांगावी.

भंगाराचे पैसे गल्ल्यात घेऊ नका, कामगारांना वाटू द्या. पण त्याआधी चौकशी करा. झाडलोट करणाऱ्या मावशी आजवर पुठ्ठा विकून चार पैसे मिळवत असतील तर तो हक्क त्यांचाच राहू द्या. 'व्यवस्था लावतो' म्हणत गरिबाची कमाई काढून घेतलेले मालक मी पाहिलेत, आणि तिथे डबे कधीच नीट भरत नाहीत.

पहिल्या महिन्यात फक्त पुठ्ठा आणि गोण्या. ते अंगवळणी पडलं की पारदर्शक पिशव्या, मग बाकीचं. आणि हो, दिवाळीच्या तोंडावर यातलं काहीही सुरू करू नका. फराळाच्या ऑर्डरी चालू असताना तुमचं कुणी ऐकणार नाही. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग बोलवा भंगारवाल्याला.