शैक्षणिक चाचणी आणि मूल्यमापन या क्षेत्रातलं काम कसं असतं? बी.एड. नंतर इकडे यावं का?

तुम्ही बी.एड. करताय आणि वर्गावर जाण्याऐवजी प्रश्नपत्रिका-चाचण्यांच्या कामात यावं का, असं विचारलंय. मी आधी शाळेत गणित शिकवायचे, मग पूर्णवेळ इकडे आले. त्यामुळे माझं बोलणं प्राथमिकच्या गणिताच्या अंगाने जाणार, हे धरून चाला.

प्रश्न काढणं अवघड असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रश्न पटकन निघतो हो, वेळ खातात ते चुकीचे पर्याय. ४०२ वजा १७८ घ्या. उत्तर २२४. बाकीचे तीन पर्याय मनाला येतील ते टाकले, तर काहीच न येणारं मूलही अंदाजाने बरोबर उत्तरावर गोल काळा करतं. म्हणून पर्याय द्यायचे ३७६, २३४ आणि ३२४. ३७६ निवडणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत सुटलेलं असतं. वर कोण, खाली कोण, त्याला देणंघेणं नाही. २३४ वाल्याला हातचा घेता येतो, पण मधल्या शून्याचे दहा झाल्यावर त्यातला एक एककाला गेला, हे त्याच्या लक्षात राहत नाही. ३२४ वाल्याने शतकातला एक दशकाला उसना दिला, पण शतकाच्या घरातून तो कमी केलाच नाही. गुण तिघांनाही शून्य, पण तिघांना शिकवायचं वेगवेगळं. मला या कामाची गोडी लागली ती इथे.

मग पूर्वचाचणी, म्हणजे खऱ्या परीक्षेआधी प्रश्न थोड्या मुलांवर करून बघणं. काठिण्य निर्देशांक (किती मुलांना प्रश्न सुटला) आणि भेदन निर्देशांक (प्रश्न हुशार आणि कच्ची मुलं वेगळी करतो का) तुम्ही परीक्षेपुरते पाठ केले असतील. एकूण गुणांत वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं घेऊन तुलना करायची, ही ट्रूमन केली यांची १९३९ सालची पद्धत. खालच्या गटाने वरच्या गटापेक्षा जास्त बरोबर सोडवलेला प्रश्न हाती आला, की समजायचं खोट प्रश्नात आहे. बहुतेकदा हुशार मुलांना दुसराही पर्याय बरोबर ठरवता येईल अशी फट शब्दरचनेत राहिलेली असते. असा प्रश्न कितीही आवडता असला तरी काढून टाकावा लागतो, आणि त्यावरून बैठकीत भांडणं होतात. लेखकाला प्रश्न पोटच्या पोरासारखा!

वैताग येतो तो निकाल वाचणाऱ्यांचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मुलांच्या पुढे असणं, ९० टक्के गुण नव्हेत, हे मी दर सीईटीच्या निकालानंतर नातेवाइकांना समजावते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचं त्याहून वाईट. २०१७ आणि २०२१ ला ते झालं, डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ या एनसीईआरटीच्या मूल्यमापन केंद्राने तिसरी, सहावी आणि नववीसाठी घेतलं. यात कुणा एका मुलाचा निकाल लागत नाही, जिल्ह्यात-राज्यात मुलांना काय येतंय ते नमुन्यावरून बघायचं असतं. तरी आधी सराव चाचण्यांचा सपाटा लावला जातो. ताप मोजायच्या आधी क्रोसिन दिल्यासारखंच हे. मग आकडे बरे येतात आणि कुठे शिकवायला हवं ते झाकलं जातं.

आता व्यवहाराचं. प्रश्न काढण्याचं सुटं काम मानधनावर मिळतं, त्यावर घर चालेल असं धरू नका. पगाराची नोकरी हवी तर संख्याशास्त्र शिका. एक्सेल तर यायलाच हवं, ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आली तर उत्तम, आणि आयटम रिस्पॉन्स थिअरी, म्हणजे मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मापावर मांडायची पद्धत, समजून घ्या. भाषा आणि आकडे दोन्ही जमणारी माणसं कमी आहेत. गोपनीयतेमुळे आपला सर्वांत चांगला प्रश्न मुलाखतीत दाखवता येत नाही, याचीही तयारी ठेवा. आणि घरातलंच कुणी त्या परीक्षेला बसणार असेल तर ते आधीच सांगून त्या वर्षी बाजूला व्हायचं असतं.

वर्गावर मात्र दोन-तीन वर्षं आधी काढाच. ३७६ कुठून येतं, हे मुलांच्या वह्या तपासल्याशिवाय सुचत नाही.