टीसीपी सॉकेटवर पहिली सर्व्हिस लिहिताना

टीसीपी सॉकेट म्हणजे नेटवर्कवरून दोन प्रोग्राम जोडणाऱ्या कनेक्शनचं टोक. त्यासाठी फ्रेमवर्क शोधत बसू नका, नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) 'नेट' मॉड्यूल सुरुवातीला पुरेसं आहे. एक विचारणारी आणि एक उत्तर देणारी, अशा दोनच छोट्या सर्व्हिसेस आधी उभ्या करा.

नवखे बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात: एकदा 'राइट' केलं (पाठवलं) की पलीकडे एकदाच 'डेटा' इव्हेंट (काही आल्याची सूचना) येईल असं धरून चालतात. टीसीपीला मेसेज कळत नाही, फक्त बाइट्सचा प्रवाह कळतो. दोन मेसेज चिकटून येतील, एखादा अर्धाच येईल. आपल्याच मशीनवर हे सहसा दिसत नाही, तिथेच घात होतो. म्हणून मेसेज जेसनमध्ये (मजकूररूपातला डेटा) पाठवा आणि प्रत्येक जेसनच्या शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीचं चिन्ह) टाका, म्हणजे मेसेज कुठे संपला ते कळेल. (मजकुरातली न्यूलाइन जेसन बनवणारं 'स्ट्रिंगिफाय' एस्केप करतंच, म्हणजे '\n' असं लिहितं, त्यामुळे गल्लत होत नाही.) आलेलं सगळं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जोडत जा, न्यूलाइनपर्यंतचा तुकडा पार्स करा (वाचून डेटा काढा), उरलेलं पुढच्या खेपेला ठेवा. 'सेटएन्कोडिंग'ने यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याची पद्धत) लावायला विसरू नका. 'क' ३ बाइट्सचा असतो, मधेच तुटला तर मजकुराचा विचका होतो.

बाकी थोडक्यात:

- प्रत्येक सॉकेटला 'एरर' हँडलर हवाच. नाहीतर समोरच्याने कनेक्शन अचानक तोडलं की अख्खी प्रोसेस आडवी.
- विनंतीला आयडी द्या, तोच उत्तरात परत घ्या, म्हणजे कोणतं उत्तर कुठल्या विनंतीचं ते कळेल.
- सॉकेटचं 'सेटटाइमआउट' वेळ संपल्यावर नुसता इव्हेंट देतं. सॉकेट 'डिस्ट्रॉय' तुम्हीच करायचा.

सर्व्हर सध्या १२७.०.०.१ वरच (म्हणजे आपल्याच मशीनवर) ठेवा. टीएलएस (एन्क्रिप्शन), पूलिंग (कनेक्शन्स पुन्हा वापरणं), बॅकप्रेशर (समोरचा मंद असेल तर पाठवणं रोखणं) आत्ता नको. आधी एखाद्या एमबीचा मेसेज पाठवा आणि 'डेटा' किती वेळा येतो ते कन्सोलवर मोजा.