पाडव्याआधी ताम्हिणी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. तीन बाईक, रकानेच रकाने आणि खाली एका ओळीत प्रश्न: "काका, पाडव्याला यातली कोणती आणू?" तक्ता मन लावून केला आहेस. सीसी, बीएचपी, अ‍ॅव्हरेज, ईएमआय, सगळं आहे. फक्त त्यात तू कुठे दिसत नाहीस. हँडलपर्यंत तुझे हात सहज पोचतात का, तासाभराने कंबर काय म्हणते, घाटात तुला रमतगमत जायला आवडतं की वळणं घेत सुटायला, हे रकाने रिकामे आहेत आणि ते घरी बसून भरता येत नाहीत. म्हणून लगेच उत्तर देत नाही. पाडव्याला अजून अवकाश आहे. तोवर रविवारी पहाटे निघायचं. रस्ता तोच, गाडी दर वेळी वेगळी.

रस्ता पुण्याहून ताम्हिणी घाटाचा घे. पिरंगुट सोडेपर्यंत ट्रक आणि गतिरोधक यांचं राज्य आहे, तेवढं सोस. पौडच्या पुढे रस्ता मोकळा होतो, मग मुळशीचं पाणी, मग दाट झाडी आणि शेवटी खाली कोकणात विळे गावापर्यंतचा उतार. शहर, सरळ रस्ता, छोटी वळणं, मोठा घाट, असं सगळं एकाच सकाळी मिळतं. माणगावपर्यंत गेलीस तर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर होतात, पण गाडी पारखायला तेवढं लागत नाही. विळ्याला चहा घे आणि परत फिर.

ताम्हिणी म्हटलं की लोकांना पावसाळाच आठवतो. अख्खं पुणं तिथे भिजायला लोटतं, धबधब्याखाली गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही, रस्त्यावर शेवाळ. फोटो झकास येतात, पण मला विचारशील तर बाईकवाल्याची ताम्हिणी फाल्गुनातली. रस्ता कोरडा, टायर पकडून चालतो. झाडांची पानं गळलेली असल्यामुळे वळणाच्या पलीकडून काय येतंय ते फांद्यांमधून आधीच दिसतं. काटेसावर अंगावर एक पान न ठेवता फुललेली असते, पळस पेटलेला असतो, आणि कोशिंबाची पालवी इतकी लाल की लांबून तीही फुलंच वाटावीत. हेल्मेटची काच दोन बोटं वर केलीस की करवंदीच्या फुलांचा वास आत येतो. मुळशीच्या पाण्यापाशी थांबशील तेव्हा एवढं लक्षात असू दे, की या पाण्याखाली गावं आहेत आणि ती वाचवायला 1921 साली सेनापती बापट इथे सत्याग्रहाला उभे राहिले होते.

सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. त्या वेळी तू पौडच्या पुढे असावीस. पहाटे घाटमाथ्यावर अंगात जाकीट हवंच, आणि दहा वाजता खाली कोकणात तेच जाकीट काढून फेकावंसं वाटेल. फेकू नकोस, चेन उघड आणि आत हवा खेळू दे. अकराच्या आत परतीचा घाट चढायला लाग.

या दिवसांचे धोके पावसाळ्यापेक्षा वेगळे आहेत. वळणांच्या आतल्या बाजूला वाळका पाचोळा साचतो, त्याखाली बारीक खडी असते, आणि त्यावर गाडी कललेली असताना ब्रेक दाबला तर चाक सरकलंच म्हणून समज. वणवे याच महिन्यांत लागतात. रस्त्यावर धूर आडवा आलेला दिसला तर त्यात घुसायचं नाही, अलीकडेच कडेला थांबायचं. माकडांना कुणीतरी वेफर्स टाकून ठेवलेले असतात, म्हणून ती रस्त्याच्या मधोमध बसतात. आणि धुळवडीच्या दिवशी घरात बस. त्या दिवशी रस्त्यावर कोण कशात आहे सांगता येत नाही.

आता गाड्या.

पहिल्यांदा स्प्लेंडर. तोंड वाकडं करू नकोस. 97 सीसी, सीट 785 मिमीवर, वजन 112 किलोच्या आसपास. तुझ्या पाच फूट दोन इंचाला दोन्ही पाय व्यवस्थित टेकतील आणि पाय टेकतात म्हटल्यावर अर्धी भीती जाते. ताकद थोडी असल्यामुळे घाट चढताना गिअर वेळेवर पाडावा लागतो, नाहीतर गाडी धापा टाकते. ड्रम ब्रेक असल्यामुळे लांबून अंदाज घ्यावा लागतो. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे तुझ्या वयाच्या पुष्कळांना ब्रेक हळूहळू कसा दाबत न्यायचा हे बोटांना ठाऊकच नसतं. ते ही गाडी शिकवते. उतारावर जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळ: ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांच्या मागे जाऊ नकोस. कुणाकडे जपलेली यामाहाची जुनी आरएक्स 100 मिळाली तर तीही एकदा फिरव. मजा वेगळीच आहे, फक्त टू-स्ट्रोक असल्यामुळे उतारावर इंजिन गाडीला फारसं धरत नाही, ब्रेकवरच मदार ठेवावी लागते.

मग रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आणि केटीएमची ड्यूक 390, या दोन्ही लागोपाठच्या रविवारी. तुझ्या तक्त्यात या दोघी शेजारी आहेत, आणि सीसी जवळपास सारखे बघून तू त्यांना एका तराजूत घातलंस. त्यांच्या पोटात डोकावून बघ. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास 72 मिमी आणि पिस्टनची धाव 85.8 मिमी. जुन्या 373 सीसीच्या ड्यूकचा (आपल्या ओळखीत तीच आहे) व्यास 89 आणि धाव 60. एकीचा पिस्टन लांब चालतो, दुसरीचा आखूड पण फार भराभर. म्हणून क्लासिकचा सगळा जोर 4000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी येतो आणि ड्यूकचा 7000 ला. क्लासिकवर तिसऱ्या गिअरात सावकाश घाट चढताना इंजिन कुरकुरत नाही. तेच ड्यूकवर करून बघ, ती झटके द्यायला लागेल, कारण तिला पळवलेलं हवं असतं. पळवलीस की मात्र दाव्याचं वासरू सुटावं तशी निघते, आणि तेव्हा उजव्या मनगटावर ताबा असावा लागतो. यातली कुठलीही चांगली-वाईट नाही. पण ताम्हिणीच्या जंगलात तुला आजूबाजूचं बघत जायचंय की फक्त पुढचं वळण बघायचंय, हे त्या दोन रविवारी कळेल.

क्लासिकचं वजन 195 किलो. चालू असताना ते जाणवत नाही. चहाच्या टपरीसमोर उतारावर तोंड करून लावलीस आणि मागे ढकलायची वेळ आली की जाणवतं. म्हणून लावतानाच तोंड चढाकडे करून लाव. ही युक्ती कुठल्याही गाडीला चालते.

चाकांकडेही बघ. ड्यूकची दोन्ही चाकं 17 इंची, म्हणून ती चटकन कलते. क्लासिकचं पुढचं 19 इंची, जरा जडपणे वळते पण एकदा कलली की तिथेच राहते. तक्त्यातल्या तिसरीचं, हीरोच्या एक्सपल्सचं, पुढचं 21 इंची, खड्डा असा आला आणि असा गेला. एक्सपल्सवर तू सीटची उंची 825 मिमी बघून फुली मारलीस, ती घाई झाली. सस्पेन्शन मऊ आहे, बसलं की गाडी खाली दबते, आणि सीट अरुंद असल्यामुळे पाय सरळ खाली जातात. रुंद सीटच्या ठेंगण्या गाडीवर कधी कधी याहून कमी पोचतात. टाचा टेकणार नाहीत, चवडे टेकतील. सिग्नलला एकच पाय टेकायचा आणि कूल्हा जरा सरकवून घ्यायचा, याची सवय होते.

तक्त्यात नसलेली आणखी एक गाडीही आहे. माझ्या मित्राची जुनी कास्ट आयर्न बुलेट, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. ही रस्त्यावर न्यायची नाही, त्याच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत फिरवायची. सुरू करण्याचा सोपस्कार मात्र त्याच्याकडून शिकून घे. किक हळूहळू दाबत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) खिटी ओढून किक आणखी थोडी खाली सरकवायची, खिटी सोडायची, आणि मग एकच पुरी किक. घाई केलीस तर किक उलटून नडगीवर येते. पाय बदललेले असले की डोकं गोंधळतं, आणि परत आपल्या गाडीवर बसल्यावर गेली कित्येक वर्षं आपण काय काय न बघता करत होतो ते ध्यानात येतं.

दर गाडीवर पहिली दहा मिनिटं काही सिद्ध करायचं नाही. क्लच कुठे पकडतो, पुढचा ब्रेक किती दाबल्यावर बोलतो, आरशात कोपर सोडून आणखी काही दिसतं का, एवढंच बघ. वळणात नजर खड्ड्यावर ठेवलीस तर गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. वाचायला उलटं वाटतं, करून बघ.

गाड्या आणायच्या कुठून? शोरूमची टेस्ट राइड घे, पण तिच्यावर जाऊ नकोस. मागे सेल्समन बसलेला, पुढच्या चौकातून यू-टर्न, त्यात सीट मऊ आहे एवढंच कळतं. ओळखीत माग, नाहीतर भाड्याने घे. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असलेलीच घे, म्हणजे ती भाड्याने द्यायची नोंदलेली गाडी असते. दुसऱ्याची गाडी नेताना इन्शुरन्सची तारीख स्वतः बघ, थंड टायरची हवा तपास, आणि परत देताना टाकी भरून दे, नेताना कितीही असली तरी. मालकाने लावलेले आरसे आणि लिव्हर फिरवलेस तर परत होते तसे करून दे. याच कारणाने लोक पुन्हा देत नाहीत.

आणि समजा पाडव्यापर्यंत मन ठरलं नाही, तर पाडव्याला गाडी आणायची नाही. मुहूर्ताच्या दिवशी शोरूमात रांग असते, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून दणादण गाड्या बाहेर काढतात, आणि त्या गर्दीत कुणी तुझ्या गाडीची चेन नीट ताणलीय का बघत नाही. अक्षय्य तृतीयाही साडेतीन मुहूर्तांतलीच आहे. महिन्याभराने येते.

शनिवारी संध्याकाळी येऊन स्प्लेंडरची किल्ली घेऊन जा. हेल्मेट आयएसआयचं आण, तुझं ते गुलाबी टोपलं चालणार नाही. हातमोजे माझे होतील तुला. आणि वहिनीला हे सगळं अजून सांगितलं नसशील तर आधी सांगून टाक. मी मध्ये पडणार नाही.

तुझा,
काका