सिगारेट सोडून १२ दिवस झाले, खोकला उलट वाढलाय. मग फायदे दिसतात तरी कधी?

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यासमोर उभा राहिलो. फरक एवढाच की मी १९ व्या दिवशी माती खाल्ली. तुम्ही खाऊ नका म्हणून लिहितोय, नुसती फायद्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

तेव्हा मी ४३ चा, दिवसाला पाकीट, कधी दीड, अशी २० वर्षं झालेली. सोडली ती कुणाला न सांगता, एकदम. पहिले तीन दिवस बेकार गेले, चिडचिड, झोप नाही, हातांचं काय करायचं ते कळेना, पण ते ठाऊकच होतं, निकोटिन उतरतं तेव्हा ते दोन-तीन दिवसच सगळ्यात जड असतात. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, जिंकलो आपण. आणि मग खोकला सुरू झाला. इतकी वर्षं ओढताना कधी आला नव्हता असा, छातीच्या तळातून येणारा, काळपट कफ पाडणारा, बायकोची झोप उडवणारा. च्यायला, म्हटलं हे बरं बक्षीस!

१९ व्या दिवशी रात्री दादाकडे होतो. दादा म्हणजे मोठा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, घरात त्याचा शब्द शेवटचा. मी गॅलरीत खोकत उभा, तो बाहेर आला, स्वतःची पेटवली आणि म्हणाला, "शरीराला सवय असते रे, एकदम तोडलं की ते बिथरतं. एक ओढ, बघ थांबतो की नाही. मग हळूहळू दोन-तीनवर ये, माझ्यासारखा. तेवढ्याने कुणाचं काही होत नाही." मी ओढली. आणि खोकला खरंच थांबला हो! त्या रात्री मस्त झोपलो. दुसऱ्या दिवशी तीन, आठवड्याभरात पुन्हा पाकीट, आणि पुढची चार वर्षं घरात कुणी विषय काढला की दादाचं ठरलेलं, "त्याला सोडणं मानवत नाही, मी स्वतः बघितलंय."

ह्या "मानवत नाही"चा निकाल हर्नियाच्या ऑपरेशनमुळे लागला. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं किती ओढता, आणि तारीख चार आठवडे पुढे ढकलली, कारण तेवढे दिवस बंद असेल तर जखम नीट भरते आणि छातीची गुंतागुंत कमी होते. मी ऐटीत सांगितलं की मला सोडली की खोकला होतो. बाई हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, श्वासनलिकेला आतून केसांपेक्षा बारीक तंतू असतात, कफ आणि घाण वर ढकलत राहणं हे त्यांचं काम, धुराने ते लुळे पडतात, धूर थांबला की कामाला लागतात आणि साचलेलं वर यायला लागतं. शिवाय ओढणाऱ्याची खोकल्याची उबळच दबलेली असते, तीही परत येते. म्हणजे दादाच्या त्या सिगारेटने माझा खोकला बरा केलाच नव्हता, नुकत्याच उठलेल्या झाडूवाल्याला परत झोपवलं होतं. आणि मी चार वर्षं त्याला औषध समजत होतो.

आता तुमचा प्रश्न, कधी दिसतात. बरेचसे दिसतच नाहीत हो. नाडीचे ठोके २० मिनिटांत उतरायला लागतात, कुणाला कळतं? रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, तो एक-दोन दिवसांत निघून जातो, म्हणजे तुमचं रक्त केव्हाच मोकळं झालंय आणि तुम्हाला पत्ताही नाही. वास काही आठवड्यांत परत येतो, मला तो पहिल्यांदा आला तो माझंच कपाट उघडल्यावर, मळमळलंच. खोकला आणि दम कमी व्हायला एक ते नऊ महिने कितीही लागू शकतात, माझा खोकला सातव्या आठवड्यात गेला. वर्षभराने हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्मा होतो, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा निम्मा व्हायला दहाएक वर्षं जातात. आणि फुफ्फुसांची जी ताकद गेली ती बहुतेक परत येत नाही, फक्त पुढची घसरण मंदावते, हे गोड बोलणारे सांगत नाहीत.

तुम्ही ४१ चे आहात, "आता काय उपयोग" हे तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच. ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींची ५० वर्षं नोंद ठेवली, त्यात चाळिशीच्या आसपास सोडणाऱ्यांना साधारण ९ वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, साठीत ३. ज्या रिचर्ड डॉल यांनी हे सुरू केलं ते स्वतःच ओढायचे, त्याआधीच्या संशोधनात स्वतःचेच आकडे बघून सोडली, ९२ वर्षं जगले. दादा आता ५६ चा आहे, हिशोब त्याने करावा.

आणि ते "दोन-तीनने काही होत नाही" हे साफ खोटं आहे. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणात दिवसाला एकच ओढणाऱ्याचाही हृदयविकाराचा वाढीव धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघाला. निम्मा, विसावा हिस्सा नाही! हे मी दादाला दाखवलं तर म्हणतो तुझे आकडे तुझ्याकडे ठेव. निकोटिनच्या पट्ट्या लावल्या तर त्यांनाही कुबड्या म्हणाला. मी म्हटलं पाय मोडलाय तर कुबड्या घेणारच ना, तू तर मोडक्या पायाला व्यायाम म्हणतोस.

हां, एक राहिलं. खोकल्यात रक्त आलं, किंवा महिना-दोन महिने झाले तरी तो उतरणीला लागला नाही, तर माझ्या भरवशावर बसू नका, एक्स-रे काढा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी काही औषधं चालू असतील तर सोडल्याचं डॉक्टरांना सांगा, धूर बंद झाला की काहींचं प्रमाण रक्तात वाढतं. कॉफीचंही तसंच, कपभर पूर्वीइतकीच घेतली तरी छातीत धडधड जास्त होते, अर्धी करा. वजन चार-पाच किलो वाढेल, माझं सहा वाढलं, हिरड्यांतून रक्त येईल कदाचित, कारण ते लक्षणही धुराने झाकलेलं असतं.

मला दोन वर्षं झाली. दादाचा अजून दावा आहे की तेव्हा खोकला त्यानेच थांबवला होता, आणि ते खरंच आहे म्हणून वाद मिटत नाही. हे उत्तर तो वाचणार नाही, पण वहिनी वाचते.