पोस्टर कलरवरून जलरंगाकडे वळताना

अगं, पहिले काही कागद बिघडणारच, मनावर घेऊ नकोस. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हाताला पोस्टर कलरची सवय, आणि इथे सगळं उलटं: आधी फिकट, मग गडद. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. पांढरी ट्यूब सध्या खणातच राहू दे.

रंग स्वस्तातले चालतील, कागद नको. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घे. पातळ कागद पाण्याने फुगतो.

बहुतेक चित्रं घाईने बिघडतात. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, अर्धवट ओला असताना दुरुस्तीला ब्रश टेकवलास की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो. चकाकी गेली म्हणजे वाळला असं नाही. बोटांच्या पाठीला कागद गार लागला तर अजून ओलाच.

मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात ते द्रव) वगैरे नंतर बघू. आधी एकाच रंगात साधा माठ रंगवून दाखव.