वेळ पुरत नाही, की झोप?

कामं हातावेगळी होत नाहीत, अभ्यासात लक्ष लागत नाही, दिवस कुठे जातो कळत नाही, अशी पत्रं सतत येतात. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. माझ्यासमोर बसणाऱ्यांनी बहुतेक वेळा सगळी वेळापत्रकं आधीच करून मोडलेली असतात. त्याच त्या ऐकीव गोष्टी पत्रांतून पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून त्यांतली काही इथे एकत्र घेते. पत्रावरून कुणाचीही तपासणी होत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कामांच्या नोंदी ठेवायला कोणतं अ‍ॅप विकत घ्यावं? (बाणेर)

कोणतंही नको, खिशात मावणारी वही पुरते.

आमच्या भागात पहाटेचा एक वर्ग आहे, ‘२१ दिवसांत शिस्त’. फी बरीच आहे. २१ दिवसांत सवय लागते हे शास्त्राने सिद्ध झालंय, असं ते सांगतात. नाव घालू का? (कोथरूड)

नका घालू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहून ठेवलं की, शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला कमीत कमी २१ दिवस लागतात. पहाटे उठण्याशी किंवा अभ्यासाशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी जेवणाबरोबर फळ खाणं, रोज थोडं पळणं अशा साध्या सवयी प्रत्यक्ष तपासल्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आकडा ६६ निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडतही नव्हतं. वर्ग चालवणाऱ्यांना यातलं काही सांगायचं नसतं, कारण २१ दिवसांची बॅच भरणं सोपं असतं. बावीसाव्या दिवशी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं मानून बसलेली माणसं मग आमच्याकडे येतात, याचा मला खरोखर राग आहे.

मी २४ वर्षांचा आहे, एमपीएससीची तयारी करतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसतो आणि सहाला उठतो. निवड झालेले सगळे चार तासच झोपायचे, असं सीनियर सांगतात. पण दोन महिन्यांपूर्वी वाचलेलं काहीच आठवत नाही. रूम पार्टनर जागरणासाठी गोळी घेतो. मी घेतली तर चालेल का?

नाही चालणार. अशा कामासाठी बहुधा मोडाफिनिल घेतलं जातं. दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारांवरचं हे औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. धडधड, घबराट आणि क्वचित त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया असे त्याचे त्रास आहेत. ज्या मुली गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांच्या गोळ्यांचा परिणाम यामुळे कमी होतो, हेही त्यांना कुणी सांगत नाही. शिवाय झोपेची गरज या औषधाने भागत नाही, फक्त झोप आल्याची जाणीव दबते. रूम पार्टनरलाही हे वाचायला द्या.

आता मूळ मुद्दा. वाचलेलं आठवत नाही याचं कारण तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय. दिवसभरात शिकलेलं मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात कच्चं साठतं. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो आणि ते हळूहळू पक्कं होतं. याला हातभार लावणारी स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. चार तासांत उठलात, तर तिचा मोठा हिस्सा कापला जातो. म्हणजे जागून मिळवलेल्या तासांत वाचायचं आणि ते पक्कं व्हायची वेळ तेवढी काढून टाकायची, असं तुमचं चाललंय.

‘मला चार तास पुरतात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगन आणि डिंगेस यांनी निरोगी माणसांवर प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची सावधानता आणि स्मरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकं घसरलं. त्यांना विचारलं, तर आपण इतके घसरलोय याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता. थकलेला मेंदू स्वतःचा थकवा मोजू शकत नाही. म्हणून कुणाच्याही ‘पुरतं’ला मी पुरावा मानत नाही, सीनियरांच्या सांगण्याला तर नाहीच. चार तास झोपून ज्यांची निवड झाली नाही ते गावी परत गेलेत, त्यांना व्याख्यानाला कुणी बोलावत नाही.

प्रौढाला किमान सात तास झोप लागते. उठण्याची वेळ कायम ठेवा, रविवारीसुद्धा. चारनंतरचा चहा-कॉफी बंद करा, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. अकराला अभ्यासिका सोडा. तेच पान पाचव्यांदा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते लिहा आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा लिहा. दोन-तीन आठवडे असं करूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा परीक्षेच्या विचाराने रडू येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. पैशांची अडचण असेल, तर ससूनमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. पूर्वपरीक्षा होऊ दे, मग बघू, असं म्हणू नका.

दुपारी जेवल्यावर झोपलं तर दिवस वाया जातो का? (नारायण पेठ)

तीनच्या आत वीस मिनिटं झोपलात तर नाही. मात्र रात्रभर झोपूनही रोज पेंग येत असेल किंवा घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर तपासून घ्या.

हिंजवडीत आयटीत आहे, राहायला वारज्याला. रोज आठ कामं लिहितो, तीन होतात. सकाळी साडेसहाला उठतो, अमेरिकेच्या टीमशी कॉल रात्री साडेअकराला संपतो. कधी कधी त्यानंतर ऑफिसमधून बाइकवर घरी येतो.

तीनच लिहा. आपल्याला लागणारा वेळ माणूस नेहमीच कमी धरतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला आणि प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. त्यामुळे मागच्या वेळी तेच काम किती वेळात झालं होतं ते वहीत पाहा आणि तोच आकडा धरा.

पण तुमच्या पत्रातलं मला खटकलं ते शेवटचं वाक्य. साडेसहा ते साडेअकरा म्हणजे १७ तास जागरण. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की, १७ तास जागं राहिलेल्याची हालचाल १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्या रात्री बाइक ऑफिसात ठेवा आणि कॅबने या. कॉलच्या वेळांबद्दल मॅनेजरशी या आठवड्यातच बोला. सिग्नलला एकदाही डुलकी लागली असेल, तर झोपेच्या तज्ज्ञांना भेटल्याशिवाय गाडी चालवू नका.

३८ वर्षांची आहे. नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. संध्याकाळी अंगात त्राण नसतं. सगळे म्हणतात, नियोजन कर. (सिंहगड रोड)

ताई, आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. रिपोर्ट घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. लोह कमी असताना नियोजनाने त्राण येत नाही. नियोजन कर म्हणणाऱ्यांना मात्र एक आकडा सांगा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. तेव्हा नवऱ्याने कोणती कामं पूर्णपणे, आठवण न करता उचलायची, ते कागदावर लिहून ठरवा.

रीलमधली सगळी लक्षणं जुळतात. मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) आहे का?

रीलवरून ठरत नाही. हे निदान करताना बाराव्या वर्षाआधीपासून लक्षणं होती का ते पाहावं लागतं. आईला आणि शाळेतल्या शेऱ्यांना विचारून मग तज्ज्ञांकडे या.

मुलगा २६ वर्षांचा. आठ महिन्यांपासून अभ्यास सोडलाय, दुपारी उठतो, जेवत नाही, मित्रांचे फोन घेत नाही. त्याला शिस्त लागेल असं वेळापत्रक करून द्या. (हडपसर)

वेळापत्रक देणार नाही. तुम्ही लिहिलंय त्याला मी आळस म्हणत नाही. हे नैराश्य असू शकतं, दुसरंही काही असू शकतं, आणि त्यात आठ महिने गेलेत. या आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तो नाही म्हणाला, तर आधी तुम्ही दोघं जाऊन या. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला असेल, तर आजच न्या आणि त्याला एकटं ठेवू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तोवर त्याला सकाळी उठवण्यावरून घरात भांडण नको.