आबितानो: जोर शेवटून मोजू नका

इटालियनमध्ये जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो असं वाचून तुम्ही 'आबितानो'मध्ये (ते राहतात) 'ता'वर जोर दिलात आणि बाईंनी थांबवलं. बाईंचं बरोबर आहे. तो नियम बऱ्याच शब्दांना चालतो, पण क्रियापदात शेवटून मोजायला गेलात की फसलात.

वर्तमानकाळात 'मी'चं रूप पक्कं करा. मी, तू, तो, ते या चारही रूपांत जोर हलत नाही: आबितो, आबिती, आबिता, आबितानो, सगळीकडे पहिल्या 'आ'वरच. 'ते'च्या रूपाला एक अक्षर जास्त जोडलं जातं, म्हणून तोच जोर शेवटून चौथा पडतो. 'तेलेफोनानो'त 'ले'वर, तोही चौथाच. 'तेलेफोनामी' (मला फोन कर) म्हणतानाही 'ले'च. फक्त आम्ही-तुम्हीच्या रूपांत जोर प्रत्ययावर जातो: आबित्यामोत 'त्या', आबितातेत 'ता'.

गोची अशी की मूळ रूपावरून यातलं काही कळत नाही, कारण 'आबितारे'त जोर 'ता'वर असतो. म्हणून क्रियापद पाठ करताना मूळ रूप आणि 'मी'चं रूप अशी जोडीच पाठ करावी. चांगल्या इटालियन कोशात ते रूप जोराच्या खुणेसह दिलेलं असतं.

'-एरे'वाल्यांचं मूळ रूपही बेभरवशाचं. वेदेरे (पाहणे) मध्ये जोर 'दे'वर, पण लेज्जेरे (वाचणे) मध्ये 'ले'वर. 'पेर्स्वादेरे'त (पटवणे) तो 'दे'वर हवा, तरी खुद्द इटालियन माणसं सर्रास 'वा'वर देतात. तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

अक्षरं पाडण्याचा खरा उपयोग '-इआरे'च्या क्रियापदांत होतो. 'स्तूद्यो'त (मी अभ्यास करतो) दोनच अक्षरं, स्तू-द्यो, कारण 'इ' पुढच्या 'ओ'त मिसळतो. 'इन्वीओ'त (मी पाठवतो) तीन, इन्-वी-ओ, कारण जोरच 'ई'वर आहे. त्यामुळे 'तू'च्या रूपात पहिल्याच्या शेवटी एकच 'इ' लिहितात, दुसऱ्याच्या शेवटी दोन. शुद्धलेखनातल्या निम्म्या चुका इथल्याच.

जोर शेवटच्या अक्षरावर असेल तर मात्र त्यावर खूण लिहावीच लागते. 'पार्लो'त 'पार'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. मोबाइलवर टाइप करताना ती खूण गाळू नका.